प्लास्टिक जाळताना टाकायची ‘धूर कमी करणारी’ पावडर: तिने नेमके काय कमी होते?

निफाडचा_बागाईतदार

मंडळी, नमस्कार. निफाडला थंडीची लाट आली की द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटतात, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. पारा पाच-सहाच्या खाली उतरला की मण्यांची फुगवण थांबते, तडे जाण्याची भीती असते, आणि वर्षभराची मेहनत डोळ्यांसमोर असताना माणूस हाताला लागेल ते आगीत टाकतो. सुरुवात छाटणीच्या वाळलेल्या काड्यांनी आणि भुशाने होते. पहाटे तीनच्या सुमाराला ते संपले की जुना मल्चिंग पेपर (जमिनीवर अंथरायची प्लास्टिकची फिल्म), ठिबकच्या फुटक्या लॅटरल (नळ्या), फाटलेले क्रॉप कव्हर आणि एखादा टायर, असे सगळे त्यात जाते. हे चुकीचे आहे हे मला माहीत आहे, म्हणून त्याचे समर्थन करण्यासाठी हा धागा काढलेला नाही.

विषय वेगळा आहे. यंदा आठवडे बाजारात एक विक्रेता (नाव मुद्दाम देत नाही) तांबूस-पांढरी पावडर विकत होता. प्लास्टिकच्या ढिगावर चार मुठी टाका, धूर निम्मा होतो आणि ‘विषारी वायू मरतात’, असे त्याचे म्हणणे होते. मी चार पाकिटे आणली आणि एका रात्री एक वापरून पाहिले. खरे सांगायचे तर काळा धूर थोडा कमी वाटला. घशाला मात्र नेहमीपेक्षा जास्त झोंबले, आणि सकाळी घरच्यांनी ‘हे काय जाळत होतात’ असे विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. अशी एखादी पावडर प्लास्टिकच्या धुरातले विष खरोखर कमी करू शकते का? की फक्त धूर दिसेनासा होतो?

रसायन_मास्तर

बागाईतदार, प्रश्न नेमका विचारलात. माझे आयुष्य नाशिकरोडला रसायनशास्त्र शिकवण्यात गेले, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, सांभाळून घ्यावे.

आपण सगळ्याला ‘प्लास्टिक’ म्हणतो, पण धुरात काय येणार हे त्या नावावरून ठरत नाही. मूळ पॉलिमर कोणता, आणि बनवताना त्यात काय काय मिसळले, या दोन गोष्टींवर ते ठरते. तुमचा मल्चिंग पेपर आणि लॅटरल पॉलिथिनचे आहेत, क्रॉप कव्हर पॉलिप्रोपिलिनचे. या दोन्हींत फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतो. किलोमागे उष्णता जवळजवळ डिझेलइतकी मिळते, आणि हवा भरपूर, आच कडक असेल तर शेवटी उरतात ते कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. शेकोटीत तसे होत नाही, कारण वितळलेले प्लास्टिक ढिगाच्या तळाशी गोळा होते, तिथे हवा पोचत नाही, आणि मग कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन, काजळी आणि त्या काजळीला चिकटलेली बहुवलयी हायड्रोकार्बन संयुगे बाहेर पडतात. त्यांतली काही कर्करोगकारक आहेत.

पीव्हीसीचे गणित अगदी निराळे आहे. शुद्ध पीव्हीसीच्या वजनापैकी सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते. साधारण अडीचशे-तीनशे अंशांना ते हायड्रोजन क्लोराइड या झोंबऱ्या आम्लवायूच्या रूपाने सुटू लागते, म्हणजे ज्योत धड लागण्याआधीच. फवारणीची मऊ होज, हिरवा सक्शन पाइप, विजेच्या तारेचे आवरण, जुने रेक्झीन हे सगळे पीव्हीसीच आहे. पीव्हीसी मुळात कडक असते. मऊ होण्यासाठी त्यात थॅलेट वर्गातले तेलकट प्लास्टिसायझर घालतात, आणि त्यांचे प्रमाण कधीकधी वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतके असते. आग लागली की हे तेल आधी वाफ होऊन उडते आणि काजळी वाढवते. पीव्हीसी उष्णतेने लवकर बिघडते, म्हणून त्यात स्थिरक घालतात. आपल्याकडच्या जुन्या नळ्यांत तो स्थिरक बहुधा शिशाचा असे. केंद्राने २०२१ च्या नियमांनी पीव्हीसी नळ्यांमधून शिसे हटवण्याची सक्ती केली, पण जमिनीत आणि बांधावर पडलेल्या नळ्या त्याआधीच्या आहेत. त्याच नळीतून सुटणारे क्लोरीन त्या शिशाला धरते, शिशाचे क्लोराइड तयार होते, आणि ते मूळ संयुगांपेक्षा सहज बाष्परूप होत असल्यामुळे राखेत राहायचे शिसे धुराबरोबर वर जाते. असे दोन घटक एकमेकांना हात देतात तेव्हा एकेकट्याचा हिशेब मांडून उपयोग होत नाही.

आता तुमच्या पावडरीविषयी. तिच्यात काय आहे हे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, पण धूर कमी करण्यासाठी कोणते पदार्थ वापरतात हे माहीत आहे. लोहाची काही संयुगे काजळी जळून जायला मदत करतात. म्हणूनच तारांच्या आवरणात धूरशामक म्हणून लोह किंवा मॉलिब्डेनमची संयुगे घालण्याचा प्रघात आहे. तांबूस रंगावरून मला लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे साध्या गेरूचा, संशय येतो. काजळी कमी झाली तर धूर कमी दिसतोच. पण हायड्रोजन क्लोराइड, कार्बन मोनॉक्साइड आणि बेंझिन हे तिन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, आणि घसा झोंबला तो काजळीमुळे झोंबला असे मला वाटत नाही. त्या ढिगात होजचे तुकडे होते का?

निफाडचा_बागाईतदार

होते, सर. जुन्या पंपाची पिवळी होज होती.

कॉलेजरोडची_रहिवासी

शहरातही हेच चालते, फक्त निमित्त वेगळे असते. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर सकाळी पाचोळ्याचा ढीग पेटतो आणि त्यात दुधाच्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या, औषधांची वेष्टने असे सर्व असते. घंटागाडी रोज दारात येते, तरीही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घातली आणि साध्या प्रकरणात ५,००० तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड सांगितला, हे इथे नोंदवून ठेवते. माझा प्रश्न असा की कॅरीबॅग जाळली की पांढरी भुरभुरीत राख का उरते? आमच्याकडचे एक गृहस्थ ती दाखवून ‘ही पिशवी शुद्ध आहे, बघा’ असे सांगत असतात.

रसायन_मास्तर

ताई, ती राख बहुधा खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, असते. पिशवी स्वस्तात बनावी म्हणून पॉलिथिनमध्ये त्याची भर घालतात. पिशवीत तीस टक्के खडू असेल तर किलोभर पिशव्यांत जळणारे पॉलिथिन सातशे ग्रॅमच असते, त्यामुळे किलोमागचे प्रदूषण कमी भरते आणि विक्रेत्याला ‘आमची पिशवी कमी प्रदूषण करते’ असे म्हणता येते. पाणी घातलेल्या दुधाला कमी फॅट म्हणण्यासारखे हे आहे. शिवाय खडू तापताना आगीतली उष्णता शोषून घेतो. भट्टीत ते चालून जाते, पण मुळात अशक्त असलेली कोपऱ्यावरची आग त्याने आणखी मंद होते.

दुधाळ पांढऱ्या फिल्ममध्ये टायटॅनियम डायऑक्साइड असतो. तो जळत नाही, राखेत राहतो किंवा बारीक कणांच्या रूपाने उडतो. काळ्या लॅटरलमध्ये उन्हापासून बचाव म्हणून दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक असतो. तो म्हणजे आधीच तयार झालेली काजळी. पॉलिथिन जळून गेले तरी ती मागे रेंगाळते. पिवळ्या-नारिंगी जुन्या प्लास्टिकमध्ये लेड क्रोमेटसारखी रंगद्रव्ये सापडतात, म्हणजे शिसे आणि क्रोमियम दोन्ही. पाण्याच्या बाटलीचे पीईटी बनवताना अँटिमनीचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरतात आणि त्याचा अंश, किलोमागे दोनशे-तीनशे मिलिग्रॅम, बाटलीत राहतो. त्यामुळे हवेतल्या कणांत कचऱ्याचा धूर किती मिसळला आहे याचा माग काढणारे संशोधक अँटिमनी तपासतात, आणि प्लास्टिकच्या धुराची खूण म्हणून ट्रायफिनाइलबेंझिन नावाचे एक संयुगही शोधतात.

निफाडचा_बागाईतदार

मग समजा मी होज, सक्शन पाइप, तारा सगळे बाजूला काढले आणि फक्त मल्चिंग पेपर व लॅटरल ठेवले, तर निदान डायॉक्सिनची, म्हणजे क्लोरीनमुळे धुरात तयार होणाऱ्या त्या अतिविषारी संयुगांची, भीती संपली ना? त्यात क्लोरीनच नाही.

रसायन_मास्तर

कागदावर संपली; तुमच्या बागेत संपली असे म्हणवत नाही. कारखान्यात मिसळलेल्या अ‍ॅडिटिव्हबद्दल आपण बोललो, पण शेतात वर्षभर जे प्लास्टिकवर चढते तेही आगीच्या दृष्टीने अ‍ॅडिटिव्हच आहे.

बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाचे उदाहरण घ्या. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद (तांब्याचे सल्फेट) आणि एक किलो चुना. छाटणीनंतर आणि पावसाळ्यात त्याच्या किती फवारण्या होतात हे तुम्हीच जाणता. ते तांबे काड्यांवर, ओलांड्यांवर आणि खाली अंथरलेल्या पेपरवर बसते. डायॉक्सिन तयार होण्याची एक वाट अशी आहे की धूर २०० ते ४०० अंशांच्या दरम्यान निवत असताना काजळीतला कार्बन, क्लोरीन आणि हवेतला ऑक्सिजन यांचा राखेच्या कणांवर संयोग होतो. या क्रियेला सर्वांत जोमाने चालना देणारा धातू तांबे आहे. तांब्याचे क्लोराइड हायड्रोजन क्लोराइडमधून मोकळे क्लोरीन काढते आणि तेच कार्बनच्या वलयांवर चढवते. उघड्यावर तांब्याच्या तारा जाळणे डायॉक्सिनच्या बाबतीत सर्वांत वाईट प्रकारांत मोजले जाते ते यामुळेच; आवरणाचे क्लोरीन आणि आतले तांबे एकाच ठिकाणी सापडतात. तुमच्या शेकोटीत मोरचुदाचे तांबे आहे, आणि क्लोरीनला होजचा हातभर तुकडा पुरतो. तो नसला तरी खताच्या पिशवीला चिकटलेले म्युरेट ऑफ पोटॅश हे पोटॅशियमचे क्लोराइडच आहे.

काही जण आगीत मीठ टाकतात, ज्योत पिवळीधमक होते म्हणून. कृपया टाकू नये.

अंबड_मेंटेनन्स

औद्योगिक वसाहतीत बॉयलर आणि भट्ट्यांच्या देखभालीवर मी बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. मास्तरांच्या बोलण्यावरून असा समज होऊ नये की बाहेरून काही टाकून प्रदूषण कमी करताच येत नाही. कारखान्यात आम्ही तेच करतो. आम्लधर्मी वायू पकडण्यासाठी धुराच्या वाटेत चुन्याची भुकटी सोडतात आणि पुढे बॅग फिल्टरमध्ये ती कापडावर थर धरून बसते. वायूला त्या थरातूनच जावे लागते. पाऱ्यासाठी आणि डायॉक्सिनसाठी सक्रिय कोळशाची भुकटी सोडतात. कचऱ्याच्या भट्टीत धूर किमान ८५० अंशांना दोन सेकंद राहावा आणि क्लोरीनयुक्त घातक कचरा असेल तर ११०० अंशांना, असा युरोपीय दंडक आहे. आपल्याकडच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत डायॉक्सिन आणि त्याचे जातभाई फ्युरान यांची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम विषतुल्य (म्हणजे सर्वांत विषारी डायॉक्सिनच्या तुलनेत मोजलेले) इतकी कडक ठेवली.

आता हाच चुना शेकोटीत टाकायचा तर हिशेब मांडून पाहा. एक किलो पीव्हीसीतून साधारण ५८० ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो पूर्ण बांधायला विरलेला चुना ५९० ग्रॅम लागेल, खडू घेतला तर ८०० ग्रॅम. हे झाले कागदावरचे आकडे, चुन्याचा कण न् कण कामी आला असे धरून. प्रत्यक्षात वायू ढिगाच्या एका फटीतून निघून जातो आणि चुना दुसऱ्या बाजूला पडून राहतो. चार मुठी पावडर म्हणजे किती, ते बागाईतदारांनी तराजूवर ठेवून पाहावे.

नळीतच मिसळलेल्या खडूची गोष्ट थोडी बरी असते, कारण तो पॉलिमरला लगटून असतो. अतिशय बारीक खडू घातला तर सुटणाऱ्या क्लोरीनचा काही भाग कॅल्शियम क्लोराइड होऊन राखेत अडकतो. पण आच वाढली आणि वाफ असली की त्यातलाही काही भाग पुन्हा सुटतो.

दिंडोरी_एक्सपोर्ट

द्राक्षाला आम्ही गंधक मारतोच. गंधकाने डायॉक्सिन कमी होतो असे कुठेतरी वाचले आहे. मग ढिगावर थोडे गंधक टाकले तर? युरियाबद्दलही असेच ऐकले आहे.

अंबड_मेंटेनन्स

दोन्ही ऐकीव गोष्टींत तथ्य आहे, म्हणूनच त्या जास्त घातक आहेत. गंधकाचा डायऑक्साइड मोकळ्या क्लोरीनला परत हायड्रोजन क्लोराइडमध्ये ढकलतो आणि तांब्याचे सल्फेट करून त्याची उत्प्रेरकता मारतो. कचऱ्याबरोबर गंधकयुक्त कोळसा जाळला तर डायॉक्सिन घटतो, हे दिसून आलेले आहे. युरिया आणि अमोनियम क्षारही तांब्याला असेच निकामी करतात. पण हे सर्व त्या भट्टीत, जिथे पुढे चुना आणि फिल्टर बसवलेले असतात. शेकोटीत गंधक टाकाल तर सल्फर डायऑक्साइड थेट तुमच्या छातीत जाईल, आणि युरियातून अमोनिया निघेल.

जाता जाता, तुम्ही निर्यातीचे आहात म्हणून विचारतो: द्राक्षे टिकावीत म्हणून पेटीत ठेवायचे ग्रेप गार्डचे पॅड उरले की त्यांचे काय करता? त्यांत सोडियम मेटाबायसल्फाइट असते आणि तापले की तेही सल्फर डायऑक्साइडच सोडते. पॅकहाउसच्या मागे असे पॅड कार्टनबरोबर पेटवलेले मी पाहिले आहेत. दमेकरी माणूस जवळ असेल तर तिथेच गुदमरेल.

दिंडोरी_एक्सपोर्ट

पटले. आमच्याकडेही पेटवतात, नाही म्हणणार नाही.

रसायन_मास्तर

युरियावरून एक सांगायचे राहिले. हायड्रोजन क्लोराइड हवेत विरून जातो असे आपण धरून चालतो, पण हिवाळ्याच्या थंड, दमट पहाटे तो हवेतल्या अमोनियाशी मिळून अमोनियम क्लोराइडचे बारीक कण बनवतो. हे कण पाणी शोषतात, फुगतात आणि धुके दाट करतात. दिल्लीच्या हिवाळी धुरक्यामागे असे क्लोराइड किती मोठे कारण आहे हे आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने झालेल्या २०२१ च्या अभ्यासाने दाखवले, आणि क्लोरीनच्या स्रोतांत प्लास्टिकयुक्त कचरा जाळणेही त्यात धरलेले आहे. नाशिक दिल्ली नव्हे. पण खते आणि गोठे यांमुळे अमोनिया आपल्या शिवारात आहेच, थंडीही आहे, आणि राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांच्या यादीत नाशिकचे नावही आहे.

गंगेवरचा_भंगारवाला

माझा धंदा भंगाराचा. शिक्षण बेताचे आहे, पण माल हातात घेतला की तो काय आहे हे कळते. मास्तरांनी काळ्या प्लास्टिकविषयी अर्धेच सांगितले म्हणून लिहितो.

जुन्या टीव्हीचे, मॉनिटरचे मागचे कवच लवकर पेट घेत नाही. त्यात आग रोखणारे ब्रोमिनचे औषध आणि सोबत अँटिमनी ऑक्साइड असते, असे मला रिसायकलिंगवाल्यांनी सांगितले. ते कवच आम्ही वेगळे ठेवतो. ते साध्या मालात मिसळले की पुढचा कारखाना घेत नाही. पण सगळेच वेगळे ठेवत नाहीत, आणि मग ते काळ्या खेळण्यांत, कुंड्यांत फिरत राहते. मास्तर, ते जाळले तर काय होते ते सांगा.

पीव्हीसी ओळखायची रीत मात्र माझ्याकडून घ्या. पिंपात पाणी भरा, तुकडे टाका. पॉलिथिन आणि पीपी (पॉलिप्रोपिलिन) तरंगते, पीव्हीसी बुडते. बाटलीचे पीईटीही बुडते. फसवणूक एकच: खडू ठासून भरलेली पॉलिथिनची पिशवी पण बुडते. बुडाले ते जाळू नका, इतके धरले तरी पुष्कळ आहे. लॅटरल आम्ही पैसे देऊन घेतो. मल्चिंग पेपरला माती असते, वजनात निम्मी मातीच भरते, म्हणून कोणी घेत नाही. झटकून, वाळवून, गुंडाळी करून आणला तर घेणारे आहेत.

रसायन_मास्तर

तुमचा पिंपाचा प्रयोग मी वर्गात करत असे, आणि खडूची फसवणूक मला तेव्हा सुचली नव्हती.

ब्रोमिनचे औषध ज्योतीतल्या साखळी अभिक्रिया तोडते. म्हणजे आग अर्धवट ठेवणे हेच त्याचे काम. बाहेरून जबरदस्तीने ते कवच जाळले तर कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी वाढते, हायड्रोजन ब्रोमाइड सुटतो आणि ब्रोमिनयुक्त डायॉक्सिन-फ्युरान तयार होतात. यांतल्या काही औषधांची रचनाच फ्युरानच्या इतकी जवळची आहे की एक वलय मिटायचे तेवढे बाकी असते. टिकाऊ विषारी रसायनांवरच्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत त्यांतली काही २००९ मध्ये, तर डेकाबीडीई २०१७ मध्ये गेले. याउलट ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडसारखी आगरोधके तापली की पाण्याची वाफ सोडतात आणि धूरही कमी करतात. दोन्ही ‘आगरोधक’ म्हणूनच विकली जातात. धुराच्या बाबतीत मात्र त्यांचे एकमेकांशी काही नाते नाही.

बागाईतदार, त्या पावडरीवर लिंबू पिळून पाहिलेत का? फसफसली तर खडू किंवा सोडा आहे.

निफाडचा_बागाईतदार

पिळले. चांगली फसफसली, आणि तळाशी गेरूसारखा लाल गाळ बसला. म्हणजे मास्तरांचा संशय खरा: गेरू, आणि सोबत खडू किंवा सोडा. चार मुठींचे वजन दोनशे ग्रॅमच्या आत भरले. माझ्या होजच्या तुकड्याचे वजन सव्वा किलो होते, त्यामुळे अंबडच्या दादांच्या हिशेबाने काय झाले असेल ते लिहीत बसत नाही.

काल दिवसभर पिंप घेऊन बसलो. होज, सक्शन पाइप, मोटारीच्या तारांची आवरणे, आणि ज्यांना मी इतकी वर्षे पॉलिथिन समजत होतो त्या दोन पांढऱ्या नळ्या बुडाल्या. लॅटरल तरंगल्या, त्यांची भेंडोळी करून भंगारासाठी ठेवली आहेत. मल्चिंग पेपर अजून बांधावरच आहे, तो वाळवून झटकायला दोन मजूर लागतील, आणि त्यांची मजुरी पेपरच्या किमतीतून सुटेल असे वाटत नाही. तरी या रविवारी करून पाहतो. उरलेली तीन पाकिटे विक्रेत्याला परत न्यायला गेलो होतो, पण या आठवड्याच्या बाजाराला तो आलाच नाही.

थंडीचा प्रश्न राहतोच. शेजारच्या गटातले एक काका पहाटे विहिरीचे पाणी ठिबकने सोडतात. हिवाळ्यात ते हवेपेक्षा उबदार असते आणि जमीन गार पडू देत नाही. शेतीची वीज या आठवड्यात रात्रपाळीची आहे, ज्याबद्दल आजवर मी फक्त शिव्याच दिल्या होत्या. आज पहाटे चारला मोटार लावतो आहे.

कॉलेजरोडची_रहिवासी

आणि मण्यांचे काय झाले ते इथे येऊन सांगा.

निफाडचा_बागाईतदार

पारा सहा अंशांवर थांबला. वरच्या दोन ओळींत थोडे तडे आहेत, बाकी बाग शाबूत आहे. मोटार साडेपाचला बंद पडली, वीज गेली.